माडीचा जिना : चौदा पायऱ्यांचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'सोसायटीचा इतिहास' लिहून द्या, असं संपादक मंडळानं मला सांगितलं. वय झालं की माणसाकडे इतिहास मागतात, त्याला इलाज नाही. पण नोंदणी, पहिली कार्यकारिणी, पाण्याची टाकी, अंतर्गत रस्ते, दिवे हे सारं चिटणीसांच्या अहवालात येणारच आहे. तेच पुन्हा मी कशाला लिहू? म्हणून मी आपल्या कार्यालयाच्या लाकडी जिन्याचा इतिहास लिहायचं ठरवलं. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सर्वसाधारण सभेत मी एकदा तोंडी कबूल केली होती, पण छापील कबुली राहिली होती. पंचवीस वर्षं झाली, आता तीही देऊन टाकतो.

आपण लोणारकर पायऱ्यांना सरावलेली माणसं. धारेवर जायचं तर पायऱ्या, सरोवरात उतरायचं तर पायऱ्या. जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल विवराच्या काठावर आपलं गाव वसलं आहे, त्यामुळे चढ-उतार आपल्या पायांत मुरलेला आहे. पण या साऱ्या पायऱ्या दगडाच्या. काळा पाषाण इथं पायाखालीच सापडतो. दैत्यसूदन मंदिर पाहा. एवढं मोठं कोरीव काम, पण सारा भार दगडावर. देवाचं घर दगडाचं आणि माणसाचं घर माती-लाकडाचं, अशी आपल्या भागाची जुनी वाटणी होती. भिंती दगड-मातीच्या, त्यावर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचं धाबं. ज्याच्याकडे चार पैसे जास्त, त्याच्या घराला माडी. आणि माडी आली की जिना आलाच.

आपण सोसायटीसाठी जागा घेतली, तेव्हा तिच्या एका कोपऱ्यात असंच एक माडीचं घर उभं होतं. पाडायचं की ठेवायचं यावर पहिल्याच वर्षी वाद झाला. पाडायलाही पैसे लागत होते आणि ते आपल्याकडे नव्हते, म्हणून घर वाचलं. हे खरं कारण. आज आपण 'वारसा जपला' असं म्हणतो, ते नंतरचं. खाली कार्यालय झालं, वर वाचनालय झालं. दोघांना जोडणारा तो सागवानी जिना. चौदा पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्याला बावीस कातलेले गज. 'कातलेले' म्हणजे कातारी लोक सांगाड्यावर लाकूड फिरवून, पटाशीनं गोल उतरवतात ते. प्रत्येक गजाला मधे एक लिंबाएवढा फुगवटा आहे. लहान मुलं वर जाताना ते फुगवटे मोजत जातात, हे तुम्ही पाहिलं असेल.

आता हे लाकूड इथं आलं कुठून? आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पट्टा आहे. अंबाबरवा, त्याच्या पूर्वेला मेळघाट, हा सागाचा मुलूख. व‍ऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढं १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे व‍ऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली खामगावला फाटा आला. खामगाव हे कापसाचं मोठं पेठेचं गाव झालं. गाडीनं लोखंड, काच, कौलं आणि लाकूड येऊ लागलं, पुढं ते बैलगाडीनं घाट चढून आपल्याकडे यायचं. व‍ऱ्हाडातल्या कित्येक गावांत जे जुने वाडे आणि माड्या दिसतात, त्यांच्यामागे हा कापसाचा पैसा आहे. आपलं कार्यालयाचं घर नेमकं कोणत्या साली बांधलं याचा कागद नाही, पण जागेच्या मूळ मालकांच्या घरात 'आजोबांच्या कापसाची माडी' असंच त्याचं नाव होतं.

साग का, हेही सांगतो. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं असतात. त्यामुळे वाळवी त्याला सहजासहजी तोंड लावत नाही आणि पाणी-उन्हानं ते फारसं फुगत-आकसत नाही. पण हे गुण गाभ्याचे. खोडाच्या बाहेरचा जो पांढुरका भाग, तो वाळवी आनंदानं खाते. म्हणून जुना सुतार लाकूड घेताना आधी पांढरं किती आणि पक्कं किती हे बघायचा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७ साली पाण्यात सोडलेलं 'त्रिंकोमाली' नावाचं जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात तरंगत उभं आहे. दोनशे वर्षं झाली! आणि आपला जिना भिंतीच्या आत, छपराखाली, अवघ्या चार वर्षांत कसा खिळखिळा झाला, ते पुढं येतंच आहे.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा हिशेब बँकवाल्या माणसाला आवडावा असा आहे. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. १८२८ साली आग लागली आणि लाकडाचं सारं वैभव जळून गेलं. उरला तो दगडी तट आणि दरवाजे. बाजीराव दुसऱ्यांच्या विश्रामबागवाड्याचाही दर्शनी भाग १८७९ साली जळाला, पण लोकांनी वर्गणी आणि नगरपालिकेनं पैसे घालून तो पुन्हा उभारला. सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब आणि लाकडी सज्जा आज आपण बघतो, तो या दुरुस्तीमुळे. म्हणजे लाकडाची वास्तू टिकते ती नुसत्या लाकडामुळे टिकत नाही. वेळेवर पैसे काढणारी माणसं आणि ते काम जाणणारे हात, दोन्ही लागतात.

ते हात पूर्वी गावातच असायचे. सुतार हा बलुतेदार. शेतकऱ्याचं नांगर-वखर, गाडी, घराचं दार-चौकट हे त्याच्याकडे बांधलेलं काम आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात ही व्यवस्था तपशिलानं आली आहे. तिच्यात जातीची जखडण होती, सुताराच्या पोरानं सुतारच व्हायचं ही सक्ती होती, मानापमान होते. ती गेली ते चांगलंच झालं. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी आपण बदल्यात काही न ठेवता सोडून दिली. दुरुस्ती ही त्याची कायमची जबाबदारी होती. नांगराचा दांडा यंदा बसवला आणि पुढच्या वर्षी हलला, तर तोच माणूस पुन्हा यायचा. त्यामुळे पहिल्यांदाच नीट बसवण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. नंतर रोजंदारी आली, मग ठेका आला आणि मग कोटेशन आलं. कोटेशन देणारा माणूस काम करून जातो. तो परत येईल असं कुठं लिहिलेलं नसतं.

इथं माझी कबुली येते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सोसायटीचा खजिनदार झालो. २०१२ च्या पावसाळ्यानंतर जिन्याचा कठडा हलायला लागला, पायऱ्यांचा रंगही उडाला होता. कार्यकारिणीनं तीन कोटेशनं मागवली. एक साडेअकरा हजारांचं, एक एकोणीसचं, एक सत्तावीसचं. सत्तावीसवाल्यानं चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'खालचा खांब आणि भिंतीतली टोकं उघडून बघावी लागतील.' मला ते वाढीव बिलाचं निमित्त वाटलं. चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचा हात आपोआप सर्वांत खालच्या आकड्याकडे जातो. साडेअकरा हजार मंजूर झाले, सही माझी. चार दिवसांत काम संपलं. सांध्यांत खिळे ठोकले, भेगांत लांबी भरली आणि वरून चॉकलेटी ऑइलपेंटचे दोन हात. जिना नवरीसारखा चमकायला लागला. पुढच्या सभेत माझं अभिनंदन झालं.

काय झालं होतं ते आता समजतं. पहिल्या वळणावरच्या खिडकीतून पावसाचं पाणी झिरपून कठड्याच्या खालच्या खांबाच्या बुडाशी मुरत होतं. लाकूड ओलं होतं आणि वाळलं, तर फार बिघडत नाही. पण आम्ही ओल्या लाकडावर रंगाचं जाड कातडं चढवलं. आत गेलेलं पाणी आतच राहिलं. खिळे गंजले, गंजून फुगले आणि सांधे आणखी फाटले. रंगाच्या आडून वाळवी वर चढली, ती कोणाला दिसायचं कारणच नव्हतं. वाळवी, रंग आणि माझी सही, तिघांनी मिळून काम केलं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या एक ज्येष्ठ सभासद भगिनी वाचनालयातून पुस्तकं घेऊन उतरत होत्या. त्यांनी कठड्यावर हात टेकला आणि खालचा खांब बुडापासून मोडला. त्या तीन पायऱ्या खाली आल्या. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्यांच्या सांगण्यावरून नाव लिहीत नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी साडेअकरा वजा सत्तावीस हा हिशेब पुन्हा पुन्हा करत होतो.

पंधरा दिवसांनी विशेष सभा झाली. बहुतेकांचं म्हणणं पडलं की हे लाकडाचं लचांड काढून टाका, लोखंडी जिना बसवा, स्टीलचा कठडा लावा. मीही गप्प होतो. तेवढ्यात त्या भगिनी, हात गळ्यात बांधलेला, उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जिना नाही पडला, मी पडले. आणि जिन्यामुळे नाही, त्या रंगामुळे. जिना काढायच्या आधी कोणीतरी जाणकार माणूस आणून त्याला तो दाखवा तरी." सभेत कोणी काही बोललं नाही. ठराव झाला, जाणकार माणूस शोधायचा. शोधायचं काम अर्थात माझ्याकडे.

मला वाटलं होतं आठवड्याचं काम आहे. तीन महिने लागले. फर्निचरवाले पुष्कळ भेटले. प्लायवूड कापून, सनमायका चिकटवून तीन दिवसांत कपाट उभं करणारी पोरं हुशार आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण जुन्या जिन्याला हात लावायला कोणी तयार होईना. खाचेत जीभ बसवून लाकडी खुंटीनं आवळलेला सांधा कसा उघडायचा, हेच त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तिथून शिकलेल्या एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, आम्हाला नवीन करायला शिकवलं, जुनं उघडायला नाही."

शेवटी मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात सत्तरीला टेकलेले एक मिस्त्री भेटले. वडील आणि आजोबा दोघेही वाड्यांचं काम करायचे. आले, जिन्याभोवती दोनदा फिरले, प्रत्येक पायरीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. मी भाव विचारला, तर म्हणाले, "सायेब, आधी एक पायरी उचकून पाहू द्या. भाव मंग सांगतो. रंगाखाली काय हाये हे रंगवणाऱ्यालेच मायीत नसते, तर मी वरून कसं सांगू?"

जेवणाच्या सुट्टीत गप्पा निघाल्या. मी बँकेत होतो हे कळल्यावर ते हसले. म्हणाले, तरुणपणी हत्यारांसाठी आणि एका सांगाड्यासाठी कर्ज मागायला बँकेत गेलो होतो. साहेब म्हणाले, सुताराचं टार्गेट भरलं, म्हशीचं आहे. म्हैस घे. "घेतली म्हैस. दोन वर्सांत मेली. कर्ज फेडाले आजोबाचे दोन रंधे इकले."

ते साहेब मी नव्हतो, शाखाही माझी नव्हती. पण मी मान खाली घातली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या विकासगटांत लागू झाला, तेव्हा मी एका ग्रामीण शाखेत कृषी-कर्जाचं टेबल सांभाळत होतो. ग्रामीण कारागिरांना एक तृतीयांश अनुदानाची तरतूद त्यात होती. कागदावर सुतार, लोहार, चांभार सगळे होते. पण वर्षअखेरीला आकडे पूर्ण करायचे असायचे आणि म्हशीचं प्रकरण लवकर व्हायचं. दर ठरलेला, विमा ठरलेला, कानात बिल्ला मारला की झालं. सुताराला रंधे-पटाश्या किती किमतीच्या लागतात, त्याचं उत्पन्न किती, हे कोण शोधणार? मीही अशी प्रकरणं केली आहेत. गावोगावचे सुतार नाहीसे कसे झाले याची कारणं पुष्कळ आहेत. ट्रॅक्टर आला, लोखंडी नांगर आला, प्लास्टिक आलं. पण माझ्या टेबलावरूनही थोडेसे गेले, हे मला नाकारता येत नाही.

(आता २०२३ च्या सप्टेंबरपासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यातल्या अठरा व्यवसायांत सुतार पहिल्या ओळीत आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजारांचं साहाय्य आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज मिळतं. आपल्या सोसायटीत कोणाच्या ओळखीत होतकरू कारागीर असेल, तर त्याला हे सांगा. अर्ज भरायला मी बसतो. एवढं प्रायश्चित्त मला करू द्या.)

मिस्त्रींनी काम कसं केलं ते लिहून ठेवतो, कारण पुढच्या कार्यकारिणीला ते लागेल.

त्यांनी काम पावसाळ्यात सुरू करायला नकार दिला. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर आले. पहिलं काम सुताराचं नव्हतंच. खिडकीचं पाणी आधी बंद करून घेतलं, आणि लाकूड महिनाभर उघडं ठेवून वाळू दिलं. मग रंग काढला. जुना रंग कोरडा घासू नका, हे त्यांनी अनुभवानं सांगितलं. कारण मी नंतर वाचलं. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ मुलांना घातक. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रंगाबद्दल सावध राहिलेलं बरं. ओला करून, खरवडून, पोतं अंथरून, मुलांना लांब ठेवून रंग काढला. चौदापैकी अकरा पायऱ्या आतून टणक निघाल्या. बदलायच्या होत्या तीन पायऱ्या, खालचा खांब आणि चार गज. मिस्त्री म्हणाले, "लाकूड मेलं नाई सायेब, गुदमरलं व्हतं."

बदलीचं लाकूड नवं घेऊ नका, जुनंच आणा, असा त्यांचा आग्रह. नवं लाकूड पुरतं वाळलेलं नसतं, बसवल्यावर आकसतं आणि सांधा सैल होतो. जालन्याला पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणारा एक व्यापारी मिळाला, तिथून दोन जुन्या तुळया आणल्या. गज कातायला ते आपल्या भाच्याकडे घेऊन गेले. जुना एक गज नमुन्याला दिला होता. खिळे सगळे काढले, सांधे पुन्हा खाचेत बसवले, लाकडी खुंट्या मारल्या. भिंतीत जाणाऱ्या टोकांना वाळवीचं औषध पाजलं आणि टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, ओल बसू नये म्हणून.

वरून काय लावायचं यावर कार्यकारिणीत पुन्हा चर्चा. बाजारात काचेसारखी चमक देणारी पॉलिशं आहेत. मिस्त्रींनी लाखेचं पॉलिश सुचवलं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीक किडा राळ सोडतो, ती लाख. आपल्या विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदिया-भंडाऱ्याकडे ती निघते. महाभारतातलं लाक्षागृह याच लाखेचं. आमच्या लहानपणीच्या काळ्या गाण्याच्या तबकड्याही हिच्याच होत्या, म्हणून पडल्या की फुटायच्या. लाख शुद्ध करून पातळ पापुद्रे काढतात तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं, हात न थांबवता, पातळ थरावर थर द्यायचा. दमट हवेत हे पॉलिश दुधासारखं पांढुरकं पडतं, म्हणूनही कोरडा हंगाम. त्याचे दोष आहेत. गरम कप ठेवला किंवा पाणी साचलं तर डाग पडतो. पायऱ्यांवर पायांनी झिजतं, म्हणून पायऱ्यांना त्यांनी फक्त जवसाचं तेल मुरवलं आणि पॉलिश कठड्यालाच केलं. पण लाखेचा एक मोठा गुण आहे. दहा वर्षांनी पुन्हा बोळा फिरवला की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. काचेसारखं पॉलिश उडालं की सगळं खरवडून काढावं लागतं. म्हणजे हे पॉलिश दुरुस्तीची वाट उघडी ठेवतं.

सगळा खर्च आला सेहेचाळीस हजार. २०१२ साली सत्तावीस दिले असते तर भागलं असतं. साडेअकरा फुकट गेले आणि वर एका माणसाचं मनगट.

जुन्या लाकडाला दुसरा जन्म देण्याचं एक मोठं उदाहरण मुंबईत आहे. कधी मुलांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात, तर मधल्या घुमटाखाली उभं राहून वर पाहा. १९०५ साली पायाभरणी झालेली, जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १९१४ ला पुरी झाली. पहिल्या महायुद्धात तिथं लष्करी दवाखाना होता आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये उघडली. तिच्या पहिल्या मजल्यावर सभोवार जी कोरीव लाकडी कमानींची रांग आणि कठडा दिसतो, तो नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसवलेला आहे. इंग्रज वास्तुरचनाकाराला आपल्या सुतारांचं काम दगडी इमारतीच्या मधोमध लावण्यासारखं वाटलं. आपण मात्र तसल्याच कठड्यावर चॉकलेटी पेंट फासला.

आणि जपानची गोष्ट तर रौप्यमहोत्सवाला शोभणारी आहे. तिथं इसे नावाचं प्राचीन देवस्थान आहे. ते लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नव्यानं बांधतात. असं बासष्टावं बांधकाम २०१३ साली झालं, पुढचं २०३३ ला. वीस वर्षांत एक पिढी शिकते, दुसरी करते, तिसरी देखरेख करते. त्यामुळे मंदिर नवं राहतं आणि विद्याही जुनी होत नाही. आपल्याला मंदिर बांधायचं नाही. पण आपल्या जिन्याचं पॉलिश दर काही वर्षांनी ठरवून होत राहिलं, तर एका मिस्त्रीच्या भाच्याला तेवढं काम ठरलेलं राहील आणि काम राहिलं तर विद्या राहील.

म्हणून या लेखाच्या शेवटी, माजी खजिनदार या नात्यानं, नव्या कार्यकारिणीपुढे काही गोष्टी ठेवतो.

कोटेशन मागवण्याआधी एक पायरी किंवा एक सांधा उघडून दाखवा आणि त्या उघडून बघण्याचे पैसे वेगळे द्या. जो न बघता आकडा सांगतो, त्याचा आकडा कितीही लहान असो, तो महाग पडतो. कारागिराला त्याचं नवं काम दाखव म्हणू नका, पाच वर्षांपूर्वी केलेलं दाखव म्हणा. लाकूड आपण आणून द्या, मजुरी त्याला वेगळी द्या, म्हणजे हलकं लाकूड घालण्याचा मोह कोणाला पडणार नाही. रकमेचा दहावा भाग एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवा, पण मग तो पावसाळा संपल्या दिवशी घरी नेऊन द्या, त्याला चकरा मारायला लावू नका. आणि काय केलं, कोणतं लाकूड, कोणतं पॉलिश, हे इतिवृत्ताच्या वहीत लिहा. मी बँकेत असताना कर्जाच्या प्रत्येक कागदाची फाइल ठेवली. जिन्याची ठेवली नाही.

पैशाचं म्हणाल, तर आपल्या आदर्श उपविधींमध्ये वाट दिलेलीच आहे. बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती-देखभाल निधीत. ज्याच्या घराचा बांधकाम खर्च चार लाख, त्याचे हजार आणि तीन हजार. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं, असंही त्यांतच आहे. आपण पंचविशीत आहोत. परीक्षण होईल तेव्हा अभियंता काँक्रीट तपासेल, त्याच दिवशी एका सुतारालाही बोलवा. त्याची एक दिवसाची मजुरी आपल्याला जड नाही.

मिस्त्री आता थकले आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. मागच्या दिवाळीनंतर त्यांचा भाचा येऊन कठड्यावर बोळा फिरवून गेला. मामा खाली खुर्चीवर बसून, नुसत्या आवाजावरून, 'हात थांबला तुझा' असं त्याला सांगत होते. त्या भगिनी वाचनालयात आल्या होत्या. कठड्यावर हात ठेवून, सावकाश, चौदा पायऱ्या उतरल्या. मी खालीच उभा होतो. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खजिनदार, यंदा किती पडले?"

मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. वहीत लिहा."

लिहिला आहे.